सासर, नवऱ्याशिवाय

लग्न ठरलं तेव्हा उज्जैन नेमकं कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही कऱ्हाडचे. आमच्या लेखी पुण्यापलीकडे मुंबई आणि मुंबईपलीकडे परदेश. स्थळ एका लांबच्या आत्याने आणलं होतं. घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेलं. मुलगा मुंबईत कॉम्प्युटरच्या नोकरीत. ते दिवसच तसे होते. सॉफ्टवेअर हा शब्द घरोघरी पोचला होता, अर्थ अजून पोचायचा होता. आईने शेजारच्या काकूंना जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत असं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "दुकान स्वतःचं आहे का भाड्याचं?"

लग्नाआधी आम्ही दोनदा भेटलो होतो. एकदा बघण्याच्या कार्यक्रमात, आणि एकदा त्यांच्या मावशीकडे. तिथे आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं होतं, आणि खालून कोणीतरी सारखं चहा हवा का म्हणून विचारत होतं. ते कमी बोलणारे आहेत एवढंच मला समजलं. मला ते आवडलं होतं. कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात खूप काही असतं, असं त्या वयात वाटायचं.

लग्न झालं आणि तीन आठवडे व्हायच्या आत त्यांना अमेरिकेला जायचा हुकूम आला. माझा व्हिसा दोन-तीन महिन्यांत होईल, मग मी जायचं, असं ठरलं. तोवर राहायचं कुठे? आईच्या मनात कऱ्हाडच होतं. पण माझ्या सासूबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. हे म्हणाले, "बाबा एकटे आहेत. तू तिथे राहिलीस तर मला घोर नाही." त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. पुढे कितीदा तरी मनात आलं, त्यांनी ते वडिलांसाठी मागितलं आणि मी ह्यांच्यासाठी दिलं.

अशी मी उज्जैनच्या नानाखेड्यात आले.

तेव्हा ती कॉलनी नवी होती. बसस्टँडच्या पुढे काळ्या मातीत आखलेले प्लॉट, त्यांत मधूनच एखादं घर आणि एकमेकांपासून दूर उभे असलेले विजेचे खांब. झाड म्हणून नाही. दुपारी वारा सुटला की धूळ सरळ घरातून आरपार जायची. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. सारा जन्म क्वार्टरमध्ये काढून शेवटी हे घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. स्वयंपाकघरातल्या फरशा सासूबाईंनी स्वतः निवडल्या होत्या, पण राहायला यायच्या आत त्या गेल्या. ओटा त्यांच्या उंचीने बांधलेला. मी चांगली उंच. पोळ्या लाटता लाटता माझी पाठ भरून यायची.

सुरुवातीला बाबांना आणि मला एका घरात कसं वावरायचं तेच कळत नव्हतं. स्वयंपाकघरात यायच्या आधी ते दाराशी खाकरायचे. जेवण भराभर उरकून व्हरांड्यात जाऊन बसायचे, म्हणजे मला मोकळेपणी जेवता यावं. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. "बेटा, नळ येऊन राहिले, बाल्टी लाव." "मी फ्रीगंजला जाऊन राहिलो, तुला काही मंगवायचं आहे का?" माझ्या वडिलांनी मला कधी बेटा म्हटलं नव्हतं. मुलीला बेटा का म्हणतात, हाही प्रश्न मला पडला होता. मग सवय झाली, आणि पुढे ते एखाद्या दिवशी माझ्या नावाने हाक मारायचे तेव्हा काही चुकलं का असं वाटायचं.

हे दर रविवारी सकाळी फोन करायचे. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असायची. फोन हॉलमध्ये, खिडकीशेजारी. आधी बाबा उचलायचे. "हं. बरं आहे. तू? बरं. घे, देतो." रिसीव्हर माझ्या हातात देऊन ते चपला घालायचे, खुंटीवरची छत्री घ्यायचे आणि बाहेर पडायचे. गल्लीच्या टोकाला एका घराचं काम अर्धवट थांबलं होतं. तिथल्या भिंतीच्या कडेला ते छत्री उघडून उभे राहायचे. सुनेला नवऱ्याशी मोकळेपणी बोलता यावं म्हणून मे महिन्याच्या उन्हातही.

आणि मी आत काय बोलत असे?

"कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"बरा आहे. काम फार आहे."

"जेवलात?"

"हो. कोणीतरी भात केला होता."

तू म्हणण्याइतकी ओळखच झाली नव्हती, म्हणून मी तुम्ही म्हणत होते. लाइनवर माझंच बोलणं मला परत ऐकू यायचं, त्यामुळे मधेच थांबायला व्हायचं. मग मी व्हिसाच्या कागदांचं विचारायची. "होतंय," ते म्हणायचे. "होईल." मग दोन्हीकडे शांतता. मग, "बरं, ठेवू?"

सगळं काही मिनिटांत आटपायचं. बाबा जेमतेम त्या भिंतीपर्यंत पोचलेले असायचे. लगेच फाटकाशी जाऊन उभी राहिले असते तर त्यांना समजलं असतं. म्हणून मी रिसीव्हर कानाला लावून तशीच बसायची. आतून नुसता टूं असा आवाज यायचा. खिडकीतून त्यांची काळी छत्री दिसायची. पुरेसा वेळ झाला असं वाटलं की फोन ठेवून फाटक वाजवायची. ते परत यायचे.

"झालं बोलणं?"

"हो."

"बरा आहे नं?"

"बरे आहेत."

"चल, चाय ठेव."

दोन-तीन महिने गेले, व्हिसा आला नाही. मग ह्यांनी कंपनी बदलली. तिकडे म्हणे तेव्हा सगळेच बदलत होते, पगार वाढायचा. पण त्यामुळे माझे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार होते. हे त्यांनी एका रविवारी फोनवर, काम फार आहे हे ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात सांगितलं.

बाबांनी मला त्याआधीच कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं होतं. "घरात बसून बसून तू परेशान होऊन जाशील, बेटा. टावरजवळ नवी क्लास उघडली आहे. तिकडे गेल्यावर कामाला येईल." मी रोज नानाखेड्याहून टेम्पोने फ्रीगंजला, बाजारातल्या त्या टावरपाशी, जायची. समोरासमोर दोन बाकडी, त्यांवर दाटीवाटीने माणसं, आणि धूर. टेम्पोत रोज एक शिक्षिका असायची. पन्नाशीची, सुती साडी, केसांना तेल. ती माझ्या आधी चढलेली असायची आणि शेजारी आपली पिशवी ठेवून माझी जागा धरायची. मी आले की पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. हे कधी सुरू झालं ते आठवत नाही. आम्ही ठरवलं नव्हतं.

पहिल्यांदा ती बोलली तेव्हा तिने विचारलं, "पति कहाँ हैं?"

"अमेरिका में."

"और तुम?"

"यहाँ. ससुरजी के पास."

"अच्छा," ती म्हणाली, आणि बाहेर बघायला लागली. मला बरं वाटलं. क्लासमधल्या मुलींना हे समजलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हारे तो ठाठ हैं." शेजारणी विचारायच्या, कधी जाणार, अजून का नाही गेलीस, तिकडे त्याचं काही दुसरं तर नाही ना. ही एकटीच होती जिने पुढे काही विचारलं नाही.

ज्या रविवारी कागदांची ती बातमी समजली, त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोत मला रडू आलं. रात्रभर नव्हतं आलं, सकाळी पोळ्या करताना नव्हतं आलं, आणि इतक्या लोकांत आलं. समोरच्या बाकड्यावर सगळे पुरुष. तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि ते पुरतं उघडून माझ्या तोंडासमोर येईल असं धरलं. टावर येईपर्यंत ती ते वाचत असल्यासारखी बसली होती. पान उलटलं नाही. उतरताना घडी घालून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "कल मिलते हैं."

एकदाच ती स्वतःबद्दल बोलली. पाऊस होता, टेम्पो रस्त्यात बंद पडला होता, आम्ही दोघी एका पत्र्याखाली उभ्या होतो. म्हणाली, "मैंने भी बहुत राह देखी है, बेटी. फिर छोड़ दिया." कोणाची, ते सांगितलं नाही. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, पण त्यावरून काय ठरवणार? मी तिच्याकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. तिच्याबद्दल माया वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या क्षणी एवढंच मनात आलं, की आणखी पंचवीस वर्षांनी मी ह्याच टेम्पोत पिशवी ठेवून कोणाची तरी जागा धरत असेन.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी गेले. दिवाळसण, म्हणजे खरा मान जावयाचा. आईने पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, आणि त्या पाटावर मला एकटीलाच बसवून ओवाळलं. आत्या म्हणाली, "जावयाचं ताट तेवढं झाकून ठेवा." सगळे हसले. तिचा हेतू वाईट नव्हता. भाऊबीजेनंतरही आठवडाभर मी राहणार होते, पण भाऊबीजेच्याच दिवशी भावाला ओवाळून निघाले. कऱ्हाडच्या घरात माझ्या खोलीत भावाचं टेबल आलं होतं, माझे कपडे बॅगेतच होते. मी कुठून पाहुणी म्हणून आले होते आणि कुठे परत जात होते, हे गाडीत बसल्यावरही मला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नानाखेड्याच्या घरी पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पोळी आणि शेव खात होते. ताटसुद्धा घेतलं नव्हतं. मला पाहून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"अरे, तू? तू तर पुढच्या हफ्त्यात येणार होतीस."

"आले," मी म्हटलं.

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "बरं केलंस. सब्जी करू का काही?"

घरात पणती लावलेली दिसत नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "एकट्यासाठी काय लावायची." मी फडताळातून सासूबाईंच्या पणत्या काढल्या. कॉलनीत सगळ्यांची दिवाळी आटोपली होती, अंगणांत फटाक्यांचा कचरा पडला होता. आम्ही व्हरांड्याच्या कठड्यावर पणत्यांची ओळ लावली. रस्त्याने जाणारा एकजण थांबून म्हणाला, "बाबूजी, दिवाली तो हो गई." बाबा म्हणाले, "हमारी आज है."

त्या हिवाळ्यात एक दिवस क्लासहून आले तर स्वयंपाकघरात गवंडी बसलेला. ओट्याचा दगड उचलून भिंतीला टेकवला होता आणि खाली विटांचा नवा थर चढत होता. मी बाबांना म्हटलं, "हे कशाला? आईंनी हौसेने करून घेतलेला ओटा आहे. आणि मी अशी किती दिवस असणार इथे?"

"किती दिवस असशील ते कोणाला माहीत आहे," ते म्हणाले. "पाठ तर तुझी रोज दुखून राहिली. आणि ती काय आता पोळ्या लाटायला येणार आहे?"

असं म्हणून ते बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. गवंडी संध्याकाळी गेला, तेव्हा त्यांनी स्वतः फडकं घेऊन तो दगड पुसला, दोनदा. नव्या ओट्यावर मी पहिल्यांदा पोळ्या केल्या तेव्हा ते जेवून लगेच व्हरांड्यात गेले नाहीत. माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले. मग रोजच बसायला लागले. रेल्वेतले जुने किस्से सांगायचे. पार्सलमध्ये आलेलं वासरू, वास मारणारी आंब्याची पेटी. मी ऐकायची. कोणाशी तरी बोलत जेवायची चव मी विसरले होते.

उन्हाळ्यात फोन चुकायला लागले. नव्या कंपनीत शनिवारीही काम असतं, असं हे म्हणाले होते. मी तरी रविवारी लवकर न्हायची, बरी साडी नेसायची आणि हॉलमध्ये काहीतरी निवडत बसायची. नेहमीची वेळ झाली की बाबा घड्याळाकडे बघायचे. फोन वाजायचा नाही. मग ते उठायचे, चपला घालायचे, छत्री घ्यायचे. "मी जरा डेअरीपर्यंत जाऊन येतो." दूध सकाळीच आलेलं असायचं.

पहिल्या रविवारी मला वाटलं, खरंच काही काम असेल. नंतर लक्षात आलं. मी वाट बघत असताना ते समोर बसून राहिले असते, तर मला चेहरा सांभाळावा लागला असता. तो त्रास मला होऊ नये म्हणून ते जात होते. त्या वेळात मी मनसोक्त रडून घ्यायची. फाटक वाजायच्या आत तोंड धुवायची. अशा रविवारी ते "झालं बोलणं?" विचारत नसत. फाटकातूनच म्हणायचे, "चाय ठेवतेस का?"

खरं सांगायचं तर तोवर ह्यांचा चेहरा मला पुसट आठवायला लागला होता. लग्नाचा अल्बम होता, पण फोटोतला माणूस मुंडावळ्यांतला. मी नेमकी कोणाची वाट बघते आहे, असं कधी कधी मनात यायचं. एका माणसाची की कोणीतरी येईल ह्याची?

शाळा सुटीनंतर उघडली आणि टेम्पोत ती शिक्षिका दिसली नाही. बदली झाली की निवृत्त झाली, कोणाला विचारणार? तिचं नाव मला माहीत नव्हतं. काही दिवस मी चढले की शेजारची जागा मोकळी ठेवायचा प्रयत्न करायची. लोक पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवायचे आणि बसायचे.

दुसरी दिवाळी झाली आणि थंडी पडायच्या सुमारास माझा व्हिसा आला. मुंबईला जाऊन मुलाखत दिली, आणि दीड वर्ष अडलेली गोष्ट एका सकाळी होऊन गेली. मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. बाबांनी माझ्या बॅगा स्वतः बांधल्या. पार्सलवाल्याच्या हाताने, सुतळीने, गाठ सुटणार नाही अशा.

उज्जैनच्या प्लॅटफॉर्मवर ते माझा डबा कुठे लागणार ते अचूक ओळखून तिथे उभे राहिले. गाडी यायला अवकाश होता. म्हणाले, "बेटा, एक सांगून राहिलो. तिकडे गेल्यावर पहिले तोही तुला परका वाटेल. घाबरू नको. मीपण वाटलो होतो."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दीड वर्षात त्यांनी मला पहिल्यांदा स्पर्श केला तो तेव्हा. गाडी सुटली तेव्हा ते हात हलवत नव्हते, नुसते बघत होते.

अमेरिकेच्या विमानतळावर ह्यांना मी ओळखलं नाही. मिशा काढल्या होत्या, अंगात जाड कोट होता. त्यांनीच माझ्या बॅगा ओळखल्या. म्हणाले, "ह्या गाठी बाबांच्या."

पहिले काही आठवडे आम्ही दोघं त्या छोट्या घरात एकमेकांना वाट देत वावरत होतो. ते पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे. मी खिडकीशी बसून बर्फ बघायची. उज्जैनचा एकटेपणा निदान माझ्या ओळखीचा होता. एका संध्याकाळी जेवताना ते एकदम म्हणाले, "बाबांचे फोन यायचे मला. टावरजवळच्या एसटीडीवरून."

"काय म्हणायचे?"

"एवढंच, की रविवारी फोन करत जा. ती सकाळपासून तयार होऊन बसते."

मी विचारलं, "मग करत का नव्हतात?"

"तुझ्याशी काय बोलायचं तेच सुचायचं नाही. आठवडाभर मनात काही काही जुळवायचो. फोन लागला की सगळं एका मिनिटात संपायचं. मग तू गप्प, मी गप्प. मला वाटायचं, तुला मी आवडलो नसेन."

मला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. दीड वर्ष म्हणजे काही कमी नाही. पण समोर बसलेला माणूस भात चिवडत होता आणि मान वर करत नव्हता. मी त्यांना आणखी वाढलं.

तेव्हापासून सगळं छान झालं असं म्हणणार नाही. ते अजूनही कमीच बोलतात, आणि त्यांच्या पोटात खूप काही असतं हा माझा समज अर्धाच खरा निघाला. मुलगी झाली, मला नोकरी लागली. तुम्हीचं तू कधी झालं, ते लक्षात नाही. बाबा एकदा येऊन राहिले आमच्याकडे, एक उन्हाळा. मग म्हणाले, इथे कोणाच्या घरात कोणी खाकरतसुद्धा नाही. आणि परत गेले.

काही वर्षांनी बाबा गेले, उज्जैनमध्येच, झोपेत. आम्ही पोचेपर्यंत सगळं शेजाऱ्यांनी केलं होतं. तेराव्यानंतर नातेवाईक पांगले आणि त्या घरात आम्ही दोघंच उरलो. लग्नानंतर त्या घरात आम्ही दोघंच असे कधी राहिलोच नव्हतो. दुपार होती. तो हॉलमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"दिवसभर काय करायचीस गं तू इथे?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मी आधी म्हटलं, काही नाही, काय करणार. मग घड्या बाजूला ठेवल्या आणि सांगायला लागले. मधे शेजारच्या भाभी डबा घेऊन आल्या, तेवढं थांबले. त्या गेल्या. त्याने उठून दोन ताटं घेतली, वाढलं, एक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "मग?"